मेकॅनिकलसोबत इलेक्ट्रॉनिक मीडिया शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेकॅनिकलचे कोर विषय आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक मीडियाचे इलेक्टिव्ह घेतलेल्यांकडून दर सत्रात साधारण हेच प्रश्न येतात. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे गाडी अडली असेल तिथून सुरुवात करा.

या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

संबंध जुना आहे. आज आपण ज्याला इलेक्ट्रॉनिक म्हणतो त्यातलं बरंच काही सुरुवातीला निव्वळ यांत्रिक होतं. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला, तेव्हा त्यात विजेचा पत्ताच नव्हता. आवाजाने पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई फिरत्या नळकांड्यावरच्या कथलाच्या वर्खात खाचा पाडायची, आणि सुई पुन्हा त्या खाचांवरून फिरवली की आवाज परत यायचा.

टेलिव्हिजनचंही तसंच. पॉल निपकोवने १८८४ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना म्हणजे एक फिरती तबकडी आणि तिच्यावर सर्पिलाकार पाडलेली भोकं. प्रत्येक भोक चित्राची एक रेघ वाचतं. जॉन लोगी बेअर्डने १९२६ साली लंडनमध्ये टेलिव्हिजनचं प्रात्यक्षिक दाखवलं ते याच जातीच्या यंत्रावर. पुढे त्याची जी ३० रेघांची पद्धत प्रसारणात आली, तिच्यात सेकंदाला १२.५ चित्रं जात, म्हणजे तबकडी मिनिटाला ७५० फेरे घेई.

आता यात मशीन डिझाइनचा प्रश्न बघा. तबकडीचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर परीघ होतो १५७ सेंटिमीटर. ३० भोकं त्यावर सारख्या अंतरावर बसवली की दोन भोकांमध्ये साधारण ५.२ सेंटिमीटर राहतात, आणि चित्राची एक बाजू त्यापेक्षा मोठी होऊच शकत नाही. रेघा चौपट करून १२० केल्या तर तीच बाजू १.३ सेंटिमीटरवर येते. चित्र मोठं हवं तर तबकडी मोठी करा, आणि तबकडी मोठी केली की जडत्व, बॅलन्सिंग आणि केंद्रोत्सारी ताण मानगुटीवर बसतात. यांत्रिक टेलिव्हिजन मागे पडायला हा हिशेब बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. हा हिशेब ज्याला करता येतो, त्याला मीडियाच्या वर्गात परकं वाटायचं कारण नाही.

अभ्यासक्रमात साधारण काय काय येतं?

मेकॅनिकलकडून स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, थर्मो, फ्लुइड, मशीन डिझाइन, उत्पादन प्रक्रिया, कंपन, मेट्रॉलॉजी (मापनशास्त्र) आणि कंट्रोल. मीडियाकडून ध्वनिमुद्रण, डिजिटल चित्र आणि व्हिडिओ, सिग्नल प्रोसेसिंग, मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर, आणि बहुतेक ठिकाणी काहीतरी हलणारं, वाजणारं, माणसाला प्रतिसाद देणारं उभं करायचा एक मोठा प्रकल्प. नावं विद्यापीठागणिक बदलतात. गाभा फारसा बदलत नाही.

गणित किती लागतं?

मेकॅनिकलला लागतं तेवढंच, फक्त ते दोनदा वापरायला मिळतं. एक वस्तुमान, एक स्प्रिंग आणि एक डॅम्पर यांचं जे दुसऱ्या क्रमाचं अवकल समीकरण तुम्ही डायनॅमिक्समध्ये सोडवता, तेच समीकरण कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एकापाठोपाठ जोडलेल्या सर्किटचं असतं. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्परच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. एकाचं उत्तर पाठ असेल तर दुसऱ्याचं नव्याने शिकावं लागत नाही.

फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचीही अशीच गंमत. ध्वनीच्या वर्गात त्याचं नाव इतक्यांदा येतं की तो संगीताशी संबंधित असावा असं वाटतं. प्रत्यक्षात १८२२ साली त्याने साध्या लाटांच्या बेरजेची आपली मालिका मांडली ती घन पदार्थातून उष्णता कशी वाहते हे सोडवण्यासाठी. हीट ट्रान्सफरच्या तासाला जी मालिका रटाळ वाटते तिच्याच कुळातलं रूपांतर तुमच्या फोनमधला जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांवर चालवतो.

डेसिबल मात्र मन लावून शिका. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. दाब किंवा व्होल्टेज दुप्पट झालं तर ६. यातला फरक कळला नाही तर ध्वनीच्या प्रॅक्टिकलमधला प्रत्येक आलेख चुकतो.

स्पीकर म्हणजे स्प्रिंग आणि वस्तुमान असं सर म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

अक्षरशः तेच. कोन आणि त्याला चिकटलेली व्हॉइस कॉइल (चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) हे वस्तुमान. कडेची गोल पट्टी आणि मागचा नालीदार कापडी आधार ही स्प्रिंग. समजा हलणारा भाग २० ग्रॅमचा आहे आणि ताठपणा मीटरला १,००० न्यूटन. ताठपणाला वस्तुमानाने भागा, ५०,००० आले. वर्गमूळ घ्या, २२३.६. त्याला ६.२८ ने भागा, साधारण ३५.६ हर्ट्झ. ही त्या स्पीकरची नैसर्गिक वारंवारता, आणि त्याच्या खाली आवाज झपाट्याने पडतो.

खोल बास हवा म्हणून कोन जड केला तर? वस्तुमान चौपट केलं की वारंवारता निम्मी होते. पण तेवढ्याच प्रवाहात आता चौपट वजन हलवायचं आहे, म्हणजे आवाज बारीक होणार. ताठपणा कमी केला तर कोन हेलकावे जास्त घेतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर पडायला लागते. बंद खोक्यात बसवला की आतली हवाही स्प्रिंगसारखी वागते आणि वारंवारता वर सरकते. डिझाइनच्या पेपरात असते तशीच ही ओढाताण आहे. एखादा जुना स्पीकर मिळाला तर कोनावर थोडी माती चिकटवून आधीची आणि नंतरची वारंवारता मोजून बघा. त्या दोन आकड्यांवरून हलत्या भागाचं वस्तुमान काढता येतं, आणि प्रॅक्टिकल म्हणून हे कुठल्याही तयार किटपेक्षा सरस आहे.

व्हिडिओत पंखा उलटा फिरताना का दिसतो? आणि परीक्षेत हे का विचारतात?

कारण दोन्ही विषयांतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याच्यात आहे. अभ्यासक्रमातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: मोजायच्या आधी, किती वेगाने मोजायचं ते ठरवा.

पंख्याला तीन सारखी पाती आहेत, कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. पंखा मिनिटाला ५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८.३३ फेरे, म्हणजे ठरावीक जागेवरून सेकंदाला २५ पाती जातात. प्रत्येक चित्रात आधीच्या पात्याच्या जागी पुढचं पातं येऊन उभं. पंखा थांबलेला दिसतो. वेग ४८० वर आणा. आता सेकंदाला २४ पाती जातात, प्रत्येक चित्रात पातं किंचित मागे पडतं, आणि पंखा मिनिटाला २० फेऱ्यांच्या वेगाने उलटा फिरताना दिसतो. २५० वर आणलात तर आणखी गंमत: पातं दर चित्राला बरोबर अर्धं अंतर कापतं, म्हणून सहा पाती असल्याचा भास होतो.

नियम असा की ज्या वारंवारतेपर्यंतचं सिग्नल टिपायचं आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून सीडीचा दर ४४,१०० आणि व्हिडिओसोबतच्या ध्वनीचा ४८,००० ठेवला आहे. दुपटीच्या वरची जी थोडी मोकळी जागा दिसते ती फिल्टरला उतरायला ठेवलेली.

मेकॅनिकलच्या लॅबमध्ये हाच प्रश्न वेश बदलून येतो. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरने मोटरचं कंपन मोजायचं आहे. ॲप सेकंदाला १०० नमुने घेतं. मोटर मिनिटाला ५,८८० फेऱ्यांवर, म्हणजे ९८ हर्ट्झवर. आलेखात काय दिसेल? २ हर्ट्झची संथ, देखणी लाट. विद्यार्थी लिहितात, ‘पाया डगमगतो आहे.’ पाया व्यवस्थित असतो. डगमगतो तो नमुन्यांचा दर.

स्ट्रोबोस्कोपने, म्हणजे ठरावीक दराने लुकलुकणाऱ्या दिव्याने, शाफ्टचा वेग काढतानाही सांभाळा. शाफ्ट १,५०० वर फिरत असेल तर दिवा मिनिटाला १,५०० वेळा लुकलुकला तरी शाफ्टवरची खूण स्थिर दिसते, ७५० वेळा तरी आणि ५०० वेळा तरी. म्हणून वरून खाली या. ३,००० वर दोन खुणा दिसतील. जास्तीत जास्त ज्या दराला एकच खूण स्थिर दिसते, तो खरा वेग.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून हे दुरुस्त होत नाही का?

नाही. ९८ हर्ट्झचं सिग्नल एकदा २ हर्ट्झ होऊन फाइलमध्ये बसलं की खऱ्या २ हर्ट्झपासून ते वेगळं करायला काहीच शिल्लक नसतं. फिल्टर नमुने घ्यायच्या आधी, ॲनालॉग बाजूला हवा.

वेळेच्या मोजणीत चूक झाली तर इतकं काय बिघडतं?

अमेरिकेतल्या टाकोमा नॅरोज पुलाचं उदाहरण घ्या, कारण ते दोन्ही वर्गांत दाखवलं जातं. ७ नोव्हेंबर १९४० रोजी हा झुलता पूल वाऱ्यात पिळवटून कोसळला आणि ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं. मूळ चित्रण सेकंदाला १६ चित्रांनी झालं होतं, पण पुढे व्हिडिओवर उतरवताना ते २४ समजून उतरवलं गेलं. परिणामी पूल प्रत्यक्षापेक्षा दीडपट वेगाने पिळवटताना दिसतो: पाहणाऱ्यांनी नोंदवलेली मिनिटाला १२ आवर्तनं व्हिडिओत १८ भरतात. २०१५ मध्ये भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी ही तफावत दाखवून दिली. तोवर कितीतरी वर्गांमध्ये त्या व्हिडिओवरून वेग मोजायचे गृहपाठ दिले गेले असतील, कोण जाणे.

त्याच पुलाबद्दल दुसरी गोष्ट. ‘वाऱ्याच्या झोतांची वारंवारता पुलाच्या वारंवारतेशी जुळली आणि रेझोनन्स झाला’ हे उत्तर पुष्कळ जण लिहितात. ते अपुरं आहे. पुलाच्या स्वतःच्या पिळवटण्याने हवेचं बल बदलत होतं आणि ते बल पिळवटणं आणखी वाढवत होतं. याला एरोइलॅस्टिक फ्लटर म्हणतात. डॅम्पिंग ऋण झाल्यासारखी ही अवस्था असते, बाहेरून ठरावीक तालावर कुणी ढकलत असल्यासारखी नाही. व्हायवात हा फरक विचारतातच.

प्रोजेक्टरमधला जिनिव्हा मेकॅनिझम मीडियाच्या विद्यार्थ्यांनी का शिकायचा? आता फिल्म कुठे राहिली?

फिल्म राहिली नाही हे खरं. पण ‘थांब, हल, थांब’ या गतीचा इतका नेटका नमुना दुसरा मिळत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मचा प्रत्येक फ्रेम भिंगासमोर क्षणभर पूर्ण स्थिर उभा राहायला हवा आणि मग पुढचा यायला हवा, सेकंदाला २४ वेळा. सतत फिरणाऱ्या मोटरपासून ही अडखळती गती मिळवायची आहे.

चार खाचांचं चाक घेतात. चालकावरची पिन एका खाचेत शिरते, चाकाला ९० अंश फिरवते, बाहेर पडते. चालकाच्या एका फेरीत पिन खाचेत असते फक्त ९० अंश, उरलेले २७० अंश चाक कुलूपबंद. चालक सेकंदाला २४ फेरे घेतो, म्हणजे एक फेरी ४१.७ मिलिसेकंदांची. त्यातले १०.४ मिलिसेकंद फिल्म हलते आणि ३१.३ मिलिसेकंद स्थिर असते. चाकाच्या दांड्यावर १६ दातांचा स्प्रॉकेट, आणि एका फ्रेमला चार भोकं, त्यामुळे चाकाची पाव फेरी म्हणजे बरोबर एक फ्रेम. फिल्म हलत असताना शटरचं पातं प्रकाश अडवतं. दुसरं पातं स्थिर फ्रेमच्या मध्येच एकदा प्रकाश तोडतं, जेणेकरून डोळ्याला सेकंदाला ४८ झपके दिसावेत आणि लुकलुक जाणवू नये.

पिन खाचेत शिरते त्या क्षणी तिची दिशा खाचेच्या अक्षावर असते, म्हणून धक्का बसत नाही. पण वेग शून्य असला तरी त्वरण शून्य नसतं. कायनेमॅटिक्सच्या पेपरात त्वरणाचा आलेख काढायला सांगतात तो यासाठीच. तिथे आलेख शून्यापासून सुरू झालेला काढलात की गुण गेले.

सर्वो हलला की बोर्ड रीसेट होतो. कोड तर बरोबर आहे!

कोडकडे बघूच नका. सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) सुरू होताना किंवा अडकल्यावर काही शे मिलिअँपिअर खेचतो. यूएसबीवरून तोच प्रवाह बोर्डालाही जात असतो, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सर्वोला वेगळा पुरवठा द्या, दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोडा, आणि सर्वोच्या तारांजवळ काही शे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ग्राउंड जोडायचं राहिलं तर सर्वो पिसाटल्यासारखा थरथरतो. ब्रेडबोर्डावरचे बहुतेक गोंधळ इथेच मिटतात.

डीसी मोटर थेट पिनला जोडणारेही दर सत्रात भेटतात. जुन्या ८-बिट अर्डुइनो उनो बोर्डाची एक पिन २० मिलिअँपिअरच्या आसपास वापरावी, ४० ही तिची सहनशक्तीची हद्द. अगदी छोटी मोटरही सुरू होताना याच्या कितीतरी पट मागते. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर हवाच, आणि मोटरला समांतर उलटा डायोडही. मोटरची कॉइल प्रवाह तोडला की उलट व्होल्टेजचा फटका मारते. डायोड नसेल तर तो ट्रान्झिस्टर खातो.

थ्रीडी प्रिंट केलेला शाफ्ट भोकात बसत नाही. कॅडमध्ये तर दोन्ही २० मिलिमीटर आहेत.

म्हणूनच बसत नाही. २० चा शाफ्ट आणि २० चं भोक हे कागदावरचं लग्न. मशीन ड्रॉइंगमध्ये भोक आणि शाफ्टच्या मापांतली सूट सांगणारी एच७/जी६ अशी जोडी लिहितो तेव्हा २० मिलिमीटरच्या भोकाला शून्य ते अधिक २१ मायक्रॉन आणि शाफ्टला उणे ७ ते उणे २० मायक्रॉन अशी सूट असते. म्हणजे दोघांत किमान ७ आणि कमाल ४१ मायक्रॉनची फट. साधा प्रिंटर या अचूकतेच्या जवळपासही जात नाही. ०.४ मिलिमीटरच्या नॉझलने काढलेली भोकं सहसा लहानच येतात. फिरता भाग असेल तर ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट ठेवा, आधी एक छोटा तुकडा छापून तपासा, आणि महत्त्वाचं भोक लहान छापून ड्रिलने किंवा रीमरने मापात आणा.

भार कुठल्या दिशेने येणार तेही छापायच्या आधी बघा. थरांच्या आडवा ताण आला तर भाग थरावरच सुटतो. हुक उभा छापून त्याला वजन टांगणारे यातच फसतात.

वर्कशॉपमध्ये चित्रीकरण करताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी सुरक्षितता. लेथ चालू असताना सैल पट्टा, केबल, ट्रायपॉडचा पाय, काहीही चकच्या (काम धरून फिरणाऱ्या पकडीच्या) आसपास नको. कॅमेऱ्यामागे उभा असलेल्या माणसाला फ्रेमच्या बाहेरचं दिसत नसतं, म्हणून त्याच्याशेजारी दुसरा माणूस हवा.

दुसरं, दिवे. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलंत तर चित्रात पट्टे येत नाहीत. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. आणि हीच लुकलुक डोळ्यांनाही फसवते: ठरावीक वेगाला फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो. वर मोजलेल्या पंख्याचं हे जीवघेणं रूप. यंत्र थांबलं की नाही हे दिसण्यावरून ठरवायचं नाही, स्विच बघून ठरवायचं.

आवाजासाठी मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो, यंत्राचा आवाज मात्र खोलीभर तसाच घुमत राहतो. लेव्हलचे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला, म्हणजे डिजिटल पातळीच्या कमाल हद्दीला, टेकून कापलं गेलेलं सिग्नल नंतर पूर्ववत होत नाही.

फिरत्या पात्यांचे फोटो वाकडे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत पातं पुढे सरकलेलं असतं.

काही मिनिटांच्या स्लो-मोशनने सगळी जागा खाल्ली. असं कसं?

१९२० बाय १०८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट: एक चित्र ६.२ मेगाबाइटचं. सेकंदाला २५ म्हणजे १५६ मेगाबाइट, मिनिटाला ९.३ गिगाबाइट. सेकंदाला १० मेगाबिटच्या फाइलमध्ये हेच व्हिडिओ बसतं तेव्हा ते साधारण १२४ पट दाबलेलं असतं. सेकंदाला १,००० चित्रं घेणारा कॅमेरा न दाबता ६.२ गिगाबाइट दर सेकंदाला ओकतो. म्हणून हाय-स्पीड कॅमेरे आधी स्वतःच्या मेमरीत काही सेकंदच साठवतात. शिवाय प्रत्येक चित्राला जास्तीत जास्त १ मिलिसेकंद प्रकाश मिळतो. १/५० शटरच्या तुलनेत वीसपट उजेड लागतो, याची तयारी आधी करा.

टेन्साइल टेस्टमध्ये (ओढून ताणण्याच्या चाचणीत) स्टीलचा यंग मोड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, २०० गिगापास्कल यायला हवा. माझा फारच कमी आला. आकडा ‘जुळवून’ घेऊ का?

नको. कमी येण्याचं कारण लिहाल तर जुळवलेल्या आकड्यापेक्षा जास्त गुण मिळतील. यंत्राच्या क्रॉसहेडचं (नमुना ओढणाऱ्या सरकत्या भागाचं) सरकणं म्हणजे नमुन्याची लांबी वाढणं नव्हे. त्यात पकडीतलं घसरणं, खुद्द यंत्राच्या चौकटीचं ताणलं जाणं असं सगळं मिसळलेलं असतं. लांबीतली वाढ खऱ्यापेक्षा मोठी दिसते आणि मोड्युलस लहान. खरी वाढ मोजायला नमुन्यावर थेट एक्स्टेन्सोमीटर लावावा लागतो.

इथे मीडियाचा विद्यार्थी हमखास विचारतो, नमुन्यावर दोन खुणा करून कॅमेऱ्याने मोजू का? जरूर, पण हिशेब करून. ५० मिलिमीटरच्या गेज लांबीवर २०० मेगापास्कल ताण दिला तर स्टील ०.०५ मिलिमीटर वाढतं. तेच ५० मिलिमीटर १,९२० पिक्सेलमध्ये बसवले तर एक पिक्सेल ०.०२६ मिलिमीटरचा, म्हणजे सगळी वाढ जेमतेम दोन पिक्सेलची. रबराला हा कॅमेरा पुरेल. स्टीलच्या इलॅस्टिक भागासाठी पिक्सेलचाही अंश ओळखणारी पद्धत लागेल: नमुन्यावर बारीक ठिपके फवारतात आणि ठिपक्यांच्या समूहाची नक्षी जुळवत नेतात. डिजिटल इमेज कोरिलेशन ती हीच. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर याच्याइतका दोन्ही शाखांच्या बरोबर मधोमध बसणारा दुसरा मला तरी सुचत नाही.

रिपोर्टमध्ये दशांश चिन्हानंतर किती आकडे लिहायचे?

साधनाने दिले तेवढेच. ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाच्या व्हर्निअरने व्यास १०.०२ आला, तर कॅल्क्युलेटरने क्षेत्रफळ ७८.८५४२९ दाखवलं म्हणून ते खरं होत नाही. व्यासात ०.२ टक्के अनिश्चितता असेल तर क्षेत्रफळात ०.४, कारण व्यास दोनदा गुणला जातो. ७८.९, अधिक-उणे ०.३ चौरस मिलिमीटर लिहा आणि पुढे चला. एककांचा गोंधळ टाळायला बल न्यूटनमध्ये आणि लांबी मिलिमीटरमध्ये ठेवा, ताण आपोआप मेगापास्कलमध्ये येतो.

सॉफ्टवेअर कोणतं शिकू?

जे लॅबमध्ये आहे ते. एक कॅड, एक प्रोग्रॅमिंग भाषा, एक ध्वनी संपादक. बाकी गरज पडली की येतं.

गृहपाठ एआयकडून सोडवून घेतला तर?

नियम तुमच्या विभागाचे असतील ते पाळा. त्यापलीकडे व्यवहाराचं सांगायचं तर अशी उत्तरं कधीकधी व्यासाच्या जागी त्रिज्या घेण्यात किंवा मिलिमीटर-मीटरच्या अदलाबदलीत घसरतात, आणि भाषा इतकी ठाम असते की घसरल्याचं लक्षात येत नाही. एककं आणि परिमाणाचा अंदाज स्वतः तपासता येत नसेल तर चूक कुणाची हे व्हायवात लगेच उघड होतं.

गटात मेकॅनिकलवाले आणि मीडियावाले असे दोन तट पडतात. वाटणी कशी करायची?

‘तुम्ही सांगाडा करा, आम्ही इलेक्ट्रॉनिक्स बसवतो’ ही वाटणी सोपी वाटते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री महागात पडते. सेन्सरला जागाच ठेवलेली नसते, तारा फिरत्या सांध्यातून जातात आणि तुटतात, बॅटरीचं वजन कुणी धरलेलंच नसतं. पहिल्याच आठवड्यात पुठ्ठ्याचं का होईना, पण हलणारं आणि लुकलुकणारं असं पूर्ण मॉडेल करा. मग भाग वाटून घ्या, आणि प्रत्येक भागात दोन्हीकडचा एकेक जण ठेवा. कोणती तार कुठून जाणार हे ड्रॉइंगमध्ये दाखवा. सांगाड्याच्या ड्रॉइंगमध्ये तारा काढायच्या नसतात असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

कोणता विषय आधी घेऊ?

मायक्रोकंट्रोलरचा इलेक्टिव्ह जितक्या लवकर घेता येईल तितका बरा, कारण पुढचा प्रत्येक प्रकल्प त्यावर उभा राहतो. कंपन आणि ध्वनी एकाच सत्रात जमले तर उत्तम. एकाचं गणित दुसऱ्यात वाजताना ऐकू येतं. हाय-स्पीड चित्रीकरण हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइनच्या सत्रात घेऊ नका, लॅबच्या वेळा एकमेकींवर आदळतात. आणि मेट्रॉलॉजी शेवटच्या वर्षापर्यंत ढकलायची सवय सोडा. मुख्य प्रकल्पाच्या आधी ती झालेली हवी.